न टेकता लिहिणारं पेन

घरातला एखादा बिस्किटाचा पुडा किंवा पाण्याची बाटली घ्या आणि तिच्यावर छापलेली तारीख शोधा. सापडली? आता ती डोळ्यांजवळ आणा. पुड्यावरची बाकीची अक्षरं कशी सलग आणि गुळगुळीत आहेत! तारीख मात्र ठिपक्याठिपक्यांची दिसते. चारचा आकडा म्हणजे ठिपक्यांची एक उभी रांग, एक आडवी रांग आणि एक तिरपी रांग. हे ठिपके म्हणजे शाईचे सुटे थेंब आहेत. पुडा कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत गेला, बाजूच्या यंत्रातून थेंब उडाले, हवेतून आले आणि बरोब्बर जागेवर बसले. यंत्राचं तोंड पुड्याला लागलंसुद्धा नाही!

यालाच म्हणतात इंकजेट छपाई. आता कल्पना करा, हे अख्खं यंत्र तुमच्या मुठीत मावलं तर? तसं ते मावलंही आहे. हातात धरून चालवायची इंकजेट पेनं आणि छोटी छपाई यंत्रं आज बाजारात मिळतात. रबरी शिक्के बनवणाऱ्या ऑस्ट्रियातल्या कोलोप कंपनीने 'ई-मार्क' नावाचं असंच एक यंत्र काढलं आहे. मोबाइलवर मजकूर टाइप करायचा, तो बिनतारी पेनाकडे पाठवायचा, पेन पुठ्ठ्यावर ठेवून सरळ ओढायचं. जिथून पेन गेलं तिथे मागे अक्षरं! पुठ्ठा, कागद, लाकूड, कापड, योग्य शाई असेल तर पत्रासुद्धा चालतो. गोदामात खोक्यांवर नाव, वजन आणि तारीख टाकायला अशी यंत्रं वापरतात. या पेनाला निब नाही आणि बॉलपेनची गोळीही नाही. टोकाला असते फक्त एक चकचकीत पट्टी आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं.

टोक कागदाला न टेकवता लिहायचं, हे जमतं तरी कसं? ते समजून घ्यायला आपण जाऊ या रामटेकला.

ढग आणि शाई

नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर रामटेकची टेकडी आहे. वर गडमंदिर, खाली अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचं मोठं पाणी. कालिदासाच्या 'मेघदूता'त घरापासून दूर राहणारा एक यक्ष आषाढात डोंगराला बिलगलेला ढग पाहतो आणि त्याच्याबरोबर निरोप पाठवायचं ठरवतो. तो रामगिरी म्हणजेच आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशी आणि इतर अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणून तर टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे, आणि १९९७ साली रामटेकला जे संस्कृत विद्यापीठ सुरू झालं त्यालाही कविकुलगुरू कालिदासाचंच नाव आहे.

त्या आषाढातल्या ढगात नेमकं असतं काय? पाण्याचे बारीक बारीक थेंब. ढगातला एक नेहमीचा थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर रुंद असतो. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या तीन-चार पट जाड! इतका हलका थेंब शांत हवेत सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. वाटेत वाळून गेला नाही, तर एक किलोमीटर खाली यायला त्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. खालून वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. म्हणूनच एवढं पाणी भरलेला ढग धपकन खाली पडत नाही.

आता गंमत ऐका. चांगल्या इंकजेट यंत्रातून उडणारा शाईचा थेंबही साधारण एवढाच असतो! त्याचं माप सांगायला मिलिलिटर फार मोठा पडतो, म्हणून पिकोलिटर हे माप वापरतात. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. ०.०२ मिलिमीटर रुंदीच्या थेंबात मावतात साधारण ४ पिकोलिटर. पुठ्ठ्यावर ठळक छापणाऱ्या यंत्रांचे थेंब मोठे असतात, ३०-३५ पिकोलिटरचेही. आपण मात्र हिशेबासाठी ४ पिकोलिटरचा थेंब धरू. चहाच्या चमच्यात साधारण ५ मिलिलिटर शाई मावते. तिचे असे थेंब केले, तर किती होतील? सव्वाशे कोटी!

ढगातले असे १० लाख थेंब एकत्र आले, की २ मिलिमीटरचा पावसाचा एक टपोरा थेंब तयार होतो. तुम्ही स्वतः गुणून पाहा: रुंदी १०० पट झाली, की आतलं पाणी १०० × १०० × १०० पट होतं. हा टपोरा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. आणि शाईचा थेंब छिद्रातून कोणत्या वेगाने सुटतो? सेकंदाला ५ ते १० मीटर. म्हणजे अंगाने ढगातला थेंब आणि धावण्यात पावसाचा थेंब, असा हा शाईचा कण आहे.

पण एवढासा थेंब एवढ्या वेगाने निघाला, तरी हवा त्याला फार लांब जाऊ देत नाही. काही मिलिमीटर गेला, की त्याचा वेग संपतो आणि तो धुक्यासारखा तरंगू लागतो. म्हणून पेनाचं टोक कागदापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावरच ठेवावं लागतं. तेवढ्यासाठी पेनाला खाली लहान चाकं किंवा पाय असतात. ते कागदाला टेकतात आणि छिद्रांची पट्टी अधांतरी राहते.

नळाची धार मोत्यांसारखी का होते?

थेंब बनवायचा कसा, हे माणसाला कोणी शिकवलं? पाण्यानेच. घरातला नळ अगदी बारीक सोडा. वर धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत दिसते. खाली खाली ती थरथरायला लागते आणि शेवटी तुटून तिचे थेंब होतात. मोबाइलमध्ये सावकाश चित्रण करण्याची सोय असेल, तर मोठ्यांच्या मदतीने टिपून पाहा. हे थेंब ओळीने पडताना स्पष्ट दिसतात.

असं का होतं? पाण्याचा पृष्ठभाग नेहमी आक्रसायला बघतो. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. तेवढ्याच पाण्याचा सगळ्यात कमी पृष्ठभाग कोणत्या आकारात असतो? गोलात. त्यामुळे लांबलचक धार पाण्याला परवडत नाही. धारेवर कुठेतरी बारीकशी चिमट उठते. तिथला पृष्ठभाग पाण्याला आणखी आवळतो, पाणी दोन्ही बाजूंना सरकतं, चिमट खोल होते आणि धार तुटते.

फ्रान्समधल्या फेलिक्स सावार यांनी १८३३ साली या तुटणाऱ्या धारा बारकाईने पाहिल्या. बेल्जियममधले जोसेफ प्लॅटो यांनी शोधून काढलं, की धारेवरची लाट धारेच्या परिघापेक्षा लांब असेल तरच ती वाढत जाते. त्यानंतर १८७८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवलं, की धारेच्या जाडीच्या साधारण साडेचार पट लांबीची लाट सगळ्यात झपाट्याने वाढते. म्हणजे धार कुठे तुटणार, हे आधी सांगता येतं! आपणच तिला ठरावीक तालात थरथरवलं, तर सगळे थेंब एकाच मापाचे आणि सारख्या अंतरावर मिळतात.

या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. थेंब गोल करायचं काम निसर्ग आपण होऊन करतो. माणसाने एवढंच शिकायचं होतं, की तो केव्हा सुटेल आणि कुठे पडेल. पण हे 'एवढंच' शिकायला शंभर वर्षं लागली.

समुद्राखालून आलेली अक्षरं

न टेकता लिहिणारं पहिलं पेन कुठे कामाला आलं, माहीत आहे? तारायंत्रात. १८७० साली मुंबईपासून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली आणि मुंबईचे निरोप लंडनला थोड्या वेळात पोचू लागले. पण हजारो किलोमीटरच्या तारेतून येता येता विजेचा इशारा फार दुबळा होऊन जाई. तो इशारा कागदावर उमटवायचा कसा? साधं पेन लावलं, तर कागदावर घासतानाच त्याचं बळ संपायचं.

विल्यम थॉमसन यांनी यावर तोडगा काढला. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. १८६७ साली त्यांनी एका यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं एक हलकंसं वेटोळं टांगलेलं होतं. इशारा आला, की ते किंचित वळे. त्याला जोडलेली केसासारखी बारीक काचेची नळी त्याच्याबरोबर डावीउजवीकडे हले. नळीचं एक टोक शाईच्या भांड्यात, दुसरं टोक सरकणाऱ्या कागदाच्या पट्टीजवळ; पण कागदाला न लागता. मग शाई कागदावर जाणार कशी? थॉमसन यांनी शाईला विद्युतभार दिला. कागदामागच्या धातूच्या पट्टीकडे ती ओढली गेली आणि बारीक थेंबांनी कागदावर उडू लागली. घासणं संपलं! दुबळ्यातला दुबळा इशाराही वळणदार रेघेत उमटू लागला. समुद्राखालच्या लांब तारांवर हे यंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं.

आणखी एका दुबळ्या इशाऱ्यासाठी हीच युक्ती उपयोगी पडली. तो इशारा होता हृदयाचा! आपल्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अगदी सौम्य वीज निर्माण होते. ती मोजून आलेख काढतात, त्याला आपण ईसीजी म्हणतो. जड पेन या वेगवान ठोक्यांबरोबर पळू शकत नसे. स्वीडनमधले रुने एल्मक्विस्ट यांनी पेनच काढून टाकलं आणि त्या जागी शाईची बारीक धार आणली. विजेच्या इशाऱ्याबरोबर धार डावीउजवीकडे वळे आणि कागदावर ठोक्यांचा आलेख उमटे. १९५१ साली त्यांना याचं पेटंट मिळालं. हेच एल्मक्विस्ट पुढे आणखी एका शोधासाठी प्रसिद्ध झाले. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर त्यांनीच तयार केला होता. १९५८ साली तो एका रुग्णाच्या शरीरात बसवला गेला.

मग १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी रॅले यांचं गणित कामाला लावलं. त्यांनी शाईच्या धारेला तालात थरथरवून सारख्या मापाचे थेंब पाडले. धारेतून सुटणाऱ्या प्रत्येक थेंबाला त्यांनी हवा तेवढा विद्युतभार दिला आणि मग तो थेंब दोन विद्युत पट्ट्यांमधून जाऊ दिला. जास्त भाराचा थेंब जास्त वळला, कमी भाराचा कमी. नको असलेले थेंब सरळ जाऊन एका नळीत पडले आणि पुन्हा शाईच्या टाकीत गेले. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख अजूनही अनेकदा याच पद्धतीने छापतात. मात्र यात शाई सतत वाहती ठेवावी लागते. पंप लागतो, टाकी लागते. हा संसार खिशात मावणार नाही. पेन बनवायचं, तर हवा तेव्हाच थेंब टाकणारी युक्ती हवी.

सुईला लागलेला चटका

ती युक्ती १९७७ साली जपानमध्ये सापडली. कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो काम करत होते. तारा जोडायची तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली! असल्या गोष्टी घडतात आणि आपण शाई पुसून पुढे जातो. एंडो मात्र थांबले आणि त्यांनी विचारलं, शाई का उडाली? उत्तर होतं: उष्णतेने सुईच्या आत वाफेचा बुडबुडा झाला आणि त्याने पुढची शाई ढकलली. जवळजवळ त्याच काळात अमेरिकेत ह्युलेट-पॅकर्ड कंपनीचे जॉन व्हॉट स्वतंत्रपणे याच कल्पनेवर काम करू लागले होते.

आता पेनाच्या टोकात काय घडतं ते पाहू. प्रत्येक छिद्रामागे शाईची एक इवलीशी खोली असते. तिच्या भिंतीवर केसाच्या जाडीपेक्षाही लहान असा तापणारा तुकडा असतो. त्याला सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरतीच वीज देतात. तुकड्याला चिकटलेला शाईचा पातळ थर एकदम ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. सावकाश उकळायला त्याला वेळच मिळत नाही, सगळा थर एका झटक्यात वाफ होतो. फोडणीच्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला, की तो तड् करून फुटतो, तसंच. बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई छिद्रातून बाहेर ढकलतो. वीज आधीच बंद झालेली असते, त्यामुळे बुडबुडा लगेच विरतो. तो विरताना नव्या शाईला आत ओढून घेतो आणि खोली पुन्हा भरते. हे सगळं एका सेकंदात हजारो वेळा! आणि तापतो तो फक्त एक अतिशय पातळ थर, म्हणून बाकीची शाई करपत नाही.

१९८४ साली ह्युलेट-पॅकर्डने 'थिंकजेट' हा छोटा प्रिंटर बाजारात आणला. त्याच्या छपाईच्या डोक्याला १२ छिद्रं होती. शाई आणि छिद्रांची पट्टी एकाच डबीत होती. शाई संपली, की अख्खी डबी बदलायची. आपल्या हातातल्या पेनासाठी ही फार मोलाची गोष्ट ठरली. पंप नाही, नळ्या नाहीत. डबी, बॅटरी आणि विचार करणारी चिप एवढ्यावर काम भागू लागलं. आज हातातल्या यंत्रांमध्ये अनेकदा अर्धा इंच उंचीची पट्टी असते आणि तेवढ्यात ३०० छिद्रं बसवलेली असतात. हिशेब करा: १२.७ भागिले ३००. दोन छिद्रांमधलं अंतर निघतं ०.०४ मिलिमीटरच्या आसपास, केसाच्या जाडीहूनही कमी!

बुडबुड्याशिवाय थेंब उडवायची दुसरीही एक तऱ्हा आहे. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला, की टक् आवाज होऊन ठिणगी पडते ना? त्यात एका खास पदार्थावर आघात होतो आणि वीज तयार होते. दाब दिल्यावर वीज देणारे स्फटिक जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली शोधले. पुढच्याच वर्षी कळलं, की उलटंही घडतं. अशा स्फटिकाला वीज दिली, की तो किंचित आकार बदलतो. शाईच्या खोलीची एक भिंत अशा पदार्थाने बनवली आणि तिला विजेचा धक्का दिला, की भिंत आत दबते आणि थेंब बाहेर पडतो. यात शाई तापवावी लागत नाही.

माझा हात कुठे आहे?

टेबलावरच्या प्रिंटरचं काम त्या मानाने सोपं असतं. त्याचं डोकं ठरलेल्या दांड्यावरून ठरलेल्या वेगाने सरकतं. पण तुमचा हात? कधी भरभर, कधी हळू, कधी मध्येच थबकणारा. पेनाने आपल्याच तालात थेंब टाकले, तर भरभर ओढल्यावर अक्षरं ताणली जातील आणि हळू ओढल्यावर चेपली जातील. म्हणून या पेनाला क्षणोक्षणी एक प्रश्न सोडवावा लागतो: माझा हात आत्ता कुठे आहे?

काही यंत्रांत याचं उत्तर खालची चाकं देतात. चाक किती फिरलं यावरून पेन किती सरकलं ते कळतं. काहींमध्ये संगणकाच्या माउससारखा प्रकाशाचा डोळा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची पटापट चित्रं घेतो आणि मागच्या चित्राशी ताडून पाहतो. पेन ठरावीक अंतर सरकलं, की चिप सांगते, "टाक थेंब!" समजा, तुम्ही सेकंदाला २० सेंटिमीटर हात ओढताय आणि एका इंचात ३०० ठिपके हवे आहेत. मग प्रत्येक छिद्राला सेकंदात साधारण २,३५० वेळा तयार राहावं लागतं. थेंबाला कागदापर्यंतचं दीड मिलिमीटर कापायला सेकंदाचा चार हजारावा भाग लागतो. तेवढ्यात हात पुढे सरकतो फक्त ०.०५ मिलिमीटर. म्हणून तुमचा हात चालता असूनही ठिपका जागेवर पडतो.

शाईचेही लाड करावे लागतात. ती फार दाट असेल तर छिद्रातून सुटणार नाही. फार लवकर वाळणारी असेल तर छिद्रातच वाळून बसेल. आणि वाळलीच नाही तर कागदावर पुसली जाईल. म्हणून पाण्याच्या शाईत पटकन न वाळणारे द्रव थोड्या प्रमाणात मिसळतात. रंगाचे कण छिद्रापेक्षा खूपच बारीक दळावे लागतात. कापडाला एक शाई, प्लॅस्टिकला दुसरी. आणि काम झालं, की इतक्या हुशार पेनालाही तुमच्या शाईपेनासारखं टोपण लावायचंच!

तांबं, दगड आणि ठिपके

आता पुन्हा रामटेककडे वळू. टेकडीच्या अगदी जवळ नगरधन आहे. सोळाशे वर्षांपूर्वी ही नंदिवर्धन नावाची वाकाटक राजांची राजधानी होती. राणी प्रभावतीगुप्ता इथला कारभार पाहत होती. जमीन दान दिली, की तिचा मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या चरणांपाशी, म्हणजे रामटेकला, दिलेला आहे. रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंहाच्या मंदिरात त्याच काळातला शिलालेखही आहे. वाकाटकांच्या लेखांतली अक्षरं मोठी देखणी असतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी! म्हणून अभ्यासक या वळणाला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. छिन्नी आणि हातोडी घेऊन एकेक पेटी कोरायला कारागिराला किती वेळ लागला असेल, विचार करा.

अक्षराच्या डोक्यावर काय असतं, याचा इंकजेटशी संबंध आहे बरं का! पुड्यावर तारीख टाकणारी साधी यंत्रं एक आकडा ५ ठिपके रुंद आणि ७ ठिपके उंच अशा चौकटीत बसवतात. इंग्रजी आकड्यांना आणि अक्षरांना तेवढं पुरतं. पण आपली देवनागरी? वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी किंवा मात्रा, कधी रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'मूर्ती' हा शब्द ७ रांगांत बसवून पाहा. चौकटीच्या वहीत सहज करता येईल. नाही बसत! म्हणून बारीक ठिपक्यांची, जास्त छिद्रांची पट्टी आपल्या लिपीसाठी मोठीच सोय आहे. ३०० रांगा हाताशी असतील, तर मूर्तीचा रफारही नीट उमटेल आणि वाकाटकांच्या पेट्यासुद्धा. अशा पेनाला प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्रच असतं. मराठी, गोंडी, उर्दू, कुठल्याही भाषेची लिपी त्याला परकी नाही.

करून पाहा

१. भिंग घ्या. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, वर्तमानपत्रातलं रंगीत चित्र आणि घरच्या किंवा शाळेच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलं चित्र, असं तिन्ही पाहा. वर्तमानपत्रातले ठिपके शिस्तीत, ओळीने मांडलेले दिसतील. इंकजेटच्या चित्रात ते विखुरलेले दिसतील. निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा, एवढ्या शायांच्या ठिपक्यांतून सगळे रंग कसे तयार झालेत, तेही शोधा.

२. कपड्यांना इस्त्री करताना पाणी शिंपडायची फवाऱ्याची बाटली घ्या. त्यात फक्त साधं पाणी भरा. फरशीवर कागद उभा धरून आधी जवळून, मग लांबून फवारा मारा. मोठे थेंब कागदापर्यंत पोचतात, पण अगदी बारीक तुषार वाटेतच रेंगाळतात आणि तरंगतात. पेनाचं टोक कागदाजवळ का ठेवावं लागतं, ते इथे डोळ्यांनी दिसेल.

३. आता थोडं गणित. अर्धा मिलिमीटर जाड आणि १० सेंटिमीटर लांब रेघ काढायची आहे. एका इंचात ३०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला एक थेंब, असं धरा. लांबीत साधारण १,१८० ठिपके आणि जाडीत ६ ठिपके येतात. म्हणजे सात हजारांच्या आसपास थेंब. पावसाच्या एका टपोऱ्या थेंबाएवढी शाई असेल, तर तिच्यात आपले १० लाख बारीक थेंब असतात. मग तेवढ्या शाईत अशा किती रेघा काढता येतील? उत्तर आहे जवळजवळ १४०. एकापुढे एक जोडल्या, तर १४ मीटर लांब रेघ होईल!

अजून न सुटलेलं कोडं

या पेनांना सगळं येतं असं समजू नका. बरीचशी पेनं सपाट जागेवर सरळ ओढली तरच नीट छापतात. माठासारख्या गोल वस्तूवर पट्टीचं एक टोक पृष्ठभागाजवळ राहतं आणि दुसरं दूर जातं. मग दूरचे थेंब हवेत भरकटतात. खडबडीत दगडावर चाकं घसरतात, डोळा गोंधळतो. ओल्या जागेवर शाई पसरते. तुमच्या हाताला मात्र हे सगळं सहज जमतं! माठावर स्वस्तिक काढताना बोट आपोआप वळतं, दाब आपोआप कमीजास्त होतो. तुमच्या हाताला हे जे न शिकवता कळतं, ते यंत्राला शिकवणं हे मोठं कोडं आहे. केल्व्हिन, रॅले, एल्मक्विस्ट, स्वीट आणि एंडो यांनी थेंब कसा आणि केव्हा सोडायचा ते सोडवलं. थेंब नेमका कुठे पाडायचा, याचं उत्तर अजून अर्धंच हाती आलं आहे.

तर मग वहीच्या मागच्या पानावर एक चित्र काढा: माठाच्या गोल पोटावर नीट लिहिणारं इंकजेट पेन. त्याला चाकं किती असतील? छिद्रांची पट्टी सरळ असेल की वाकणारी? अंतर कसं मोजेल? चित्र मित्रांना दाखवा आणि त्यांना त्यातल्या चुका काढू द्या. चुका सापडल्या, की पुन्हा काढा.